पुरातून वाचलं, ढगात अडकलं

काका,
चिपळुणात आमचा फोटो स्टुडिओ आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. मी आणि मिस्टर दोघं बघतो. २२ जुलै २०२१च्या पुरात दोन सीपीयू, प्रिंटर आणि सासऱ्यांच्या, म्हणजे आण्णांच्या निगेटिव्हचे सगळे डबे गेले. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मी फक्त कॅमेऱ्याची बॅग आणि एक एक्स्टर्नल डिस्क माळ्यावर टाकली होती. त्या डिस्कवर आण्णांच्या निगेटिव्हचे स्कॅन होते, तेवढे वाचले. नंतर पुण्याच्या भाच्याने क्लाउड बॅकअप सुरू करून दिला. दर वर्षी पैसे भरतोय.

मे महिन्यात लॅपटॉप मेला. म्हटलं, काळजी नाही, ढगात आहे सगळं. तीन आठवडे झाले, उतरतच नाही! ३८० जीबी आहे. नवा लॅपटॉप ५१२चा घेतला, सॉफ्टवेअर टाकून साडेतीनशे जीबी मोकळे आहेत. कंपनीचं डाउनलोडर लावून ठेवते, ९२ टक्क्यांपर्यंत जातं आणि 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. चार वेळा झालं. थोडं थोडं झिपने उतरवलं, तर मराठी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं, आणि सगळ्या फोटोंवर तारीख आजची. एक्स्टर्नल डिस्कचा फोल्डर तर साइटवर दिसतच नाही. सपोर्टला अकरा मेल केले, दर वेळी वेगळा माणूस 'आपली गैरसोय समजते' म्हणतो. ओटीपी भाच्याच्या फोनवर जातो, तो मीटिंगमध्ये असतो. एका लग्नाचा अल्बम अडकलाय, नवरीची आई रोज फोन करते. प्लॅन महिनाअखेर संपतोय. मिस्टर म्हणतात, पैसे भरू नको, केस कर. काय करू?
– चिपळूणची स्टुडिओवाली

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्याइतकाच कंपनीचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना ९२वर अडखळलो.

नेट तुटत असतं तर डाउनलोड कधी ४०ला थांबलं असतं, कधी ७१ला. दर वेळी एकाच आकड्याला येऊन डोकं आपटत असेल तर समोर भिंत आहे असं समजायचं. ३८०चे ९२ टक्के काढा. ३४९.६ येतात. आणि तुमच्या नव्या लॅपटॉपात मोकळी जागा किती? तुम्हीच लिहिलंय, साडेतीनशे. पाच शेरांच्या डब्यात सहा शेर तांदूळ ओतत होतात, चार वेळा. 'जागा संपली' एवढे दोन शब्द त्या डाउनलोडरने दाखवले असते तर तुमचे तीन आठवडे वाचले असते, त्याबद्दल कंपनीला जे बोलायचं ते बोला. पण फाइली हरवलेल्या नाहीत. त्या तिथेच आहेत, तुमच्याकडे ठेवायला भांडं नाही.

भांडं किती मोठं हवं, तर दुप्पट. झिप म्हणजे बांधलेलं गाठोडं. गाठोडं उतरवायला ३८० जीबी आणि सोडून पसरायला आणखी ३८०. म्हणून २ टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि डाउनलोडचा पत्ता तिच्यावर द्या. लॅपटॉपच्या सी ड्राइव्हला हातच लावू नका.

पण डिस्क आणायला बाजारात जाण्याआधी दोन कामं आहेत आणि ती आजच हातात घ्यायची आहेत.

पहिलं, प्लॅन. मिस्टरांचा राग बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे. ज्याच्या कोठीत आपलं धान्य आहे त्याचं भाडं धान्य बाहेर काढण्याआधी थांबवायचं नसतं. वर्षाचा नको असेल तर महिन्याचा घ्या, पण भरा. कार्डावरून आपोआप कापले जातील या भरवशावर तर अजिबात राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी रीतसर मंजुरी लागते आणि पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यावी लागते. नियम चांगला आहे, पण तेव्हापासून परदेशी कंपन्यांची कितीतरी वर्गणी गुपचूप अडकते आणि 'पेमेंट फेल' हा मेल जाहिरातींच्या ढिगात पडून राहतो. तुमच्या बाबतीत तो मेल भाच्याच्या इनबॉक्समध्ये पडेल. म्हणजे दुसऱ्या कामाकडे आलोच.

भाच्याला रविवारी अर्धा तास बसवा. खात्याचा मेल, मोबाइल नंबर, पासवर्ड परत मिळवायचा पत्ता, सगळं तुमच्या नावावर करून घ्या. त्याचा हेतू चांगलाच होता, पण दुकान तुमचं आणि किल्ली पुण्यात, ही व्यवस्था चालायची नाही. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा: सुरुवातीला वेगळी एन्क्रिप्शन की, म्हणजे स्वतःचा गुप्त पासवर्ड घातला होतास का? घातला असेल आणि तो कुठे लिहिलेला नसेल, तर कंपनीचा मालक आला तरी त्या फाइली उघडणार नाहीत, कारण कुलूपच तसं बनवलेलं असतं. नसेल घातला, तर सुटलात.

आणखी एक सावधगिरी, जी सपोर्टवाले सांगत नाहीत. नव्या लॅपटॉपवर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलंत की ते प्रेमाने विचारेल, 'जुन्या संगणकाचा बॅकअप या संगणकाला जोडू का?' सध्या नाही म्हणा. कित्येक सेवांचा हिशेब असा असतो की जे संगणकावर दिसत नाही ते मालकाने पुसलं. तुमचा नवा लॅपटॉप रिकामा आहे. त्याला जोडलंत तर तो ढगाला सांगणार, माझ्याकडे काहीच नाही. मग ठरलेली मुदत, बहुधा तीस दिवस, उलटली की ढगही रिकामा होत जातो. आधी सगळं उतरवा, मग जोडा.

एक्स्टर्नल डिस्कचा फोल्डर असाच गेलाय, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. डिस्क वर्षभर कपाटात असेल, बरोबर? बाहेरून लावायची डिस्क तीस दिवसांत एकदाही जोडली नाही तर ती काढून टाकली असं समजून तिचा बॅकअप पुसायचा, असा नियम काही सेवांमध्ये असतो. तो अटींमध्ये लिहिलेला असतो आणि अटी कोण वाचतं? मी या विषयावर लिहून पोट भरतो, मीही सगळ्या वाचत नाही. सपोर्टला 'फोल्डर दिसत नाही' असं लिहू नका. 'जुन्या तारखेची आवृत्ती किती दिवस मागे जाऊन परत मिळते, आणि माझी त्या मुदतीत आहे का' असं विचारा. त्या प्रश्नाला छापील उत्तर देता येत नाही.

पण ताई, ती डिस्क आहे ना अजून? पुराच्या दिवशी माळ्यावर टाकलेली तीच ही. ढगातली तिची नक्कल गेली असेल, अस्सल तुमच्या कपाटात आहे. ती काढा, पुसा, वायर नीट आहे का बघा आणि जोडा. विंडोजने 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर कॅन्सल. काही झालं तरी कॅन्सल. आतून कट्-कट् असा ठरावीक आवाज आला तर लगेच काढा, पुन्हा लावून बघू नका, ओळखीच्या पोराच्या हातात देऊ नका. डेटा रिकव्हरीचं कामच करणाऱ्याकडे न्या. मेलेल्या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे आतली डिस्कही दुरुस्तीवाल्याकडून मागून घ्या आणि नाव लिहून ठेवा. तिच्यातून काही निघेल अशी फार आशा धरू नका, पण ३८० जीबी हातात येईपर्यंत ती भंगारात जायची नाही.

आता उतरवण्याचा क्रम. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ते लिहिताना तुम्हाला त्याचं काही वाटलं नसेल. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा दोन सीपीयू समोर असताना तुम्ही कॅमेऱ्याची बॅग आणि आण्णांची डिस्क उचललीत. त्या मिनिटाला तुम्ही प्रत्येक फोल्डर उघडून विचार केला नव्हता. हात आपोआप बरोबर जागी गेला. इथे मात्र तीन आठवडे तुम्ही अख्खं दुकान एकदम माळ्यावर चढवायला बघताय.

आण्णांचे स्कॅन नंतर लॅपटॉपवर घेतले असतील तर ढगात ते असणार. साइटवर लॉगिन करा, तो एकच फोल्डर शोधा आणि आकार बघा. स्कॅनच असल्याने दहा-अकरा जीबीच्या पुढे जाणार नाही असा माझा अंदाज. ५० एमबीपीएस वेगाच्या नेटच्या लाइनवर ११ जीबीला कागदावर अर्धा तास लागतो, प्रत्यक्षात तासभर धरा. शिमग्याची पालखी, जुना एसटी स्टँड, तुमच्या सासूबाईंचं लग्न, जे काही असेल ते एका चहाच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही त्यासाठी तीन आठवडे झोपला नाहीत. ते आधी उतरवा. उतरलं की मधले पाच-सहा फोटो उघडून, मोठे करून बघा. नुसता फोल्डर दिसला म्हणून खूश होऊ नका.

मग नवरीच्या आईचा अल्बम. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या मूळ फाइली धरून ६० जीबी असेल तर त्याच लाइनवर तीनेक तास, रात्री लावला तर सकाळी तयार. त्यांना आज फोन करा आणि खरं सांगा: 'फोटो सुरक्षित आहेत, संगणक बिघडल्याने परत उतरवावे लागताहेत, अमुक तारखेला पहिले शंभर फोटो मोबाइलवर पाठवते.' तारीख स्वतःला सोपी जाईल अशी, दोन दिवस पुढची द्या. लोक उशिराने एवढे चिडत नाहीत, फोन उचलला नाही की चिडतात.

उरलेलं वर्षावर्षाचं, वीस-वीस जीबीचे तुकडे करून. एकाच गाठोड्याचा हट्ट सोडा. ३८० जीबीला ५० एमबीपीएसवर सतरा तास ही झाली वहीतली गणितं. समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो, पावसात लाइट जाते, म्हणून दीड-दोन दिवस धरा. वायफायवर नको, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅन केबल लावा. लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद करा, निम्मी डाउनलोडं तिथेच मरतात. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून हे करायचा विचारही नको. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये ३८० जीबीला १९० दिवस लागतील, दिवाळीही उलटून जाईल.

किंवा सरळ एक करा. भाच्याकडे पुण्यात ३०० एमबीपीएसची लाइन असेल तर तेच काम तिथे तीन तासांचं आहे, रडतखडत झालं तरी एका रात्रीचं. नवी डिस्क त्याच्याकडे द्या, त्याने भरावी, एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि डिस्क येणाऱ्याच्या पिशवीतून पाठवावी. कुंभार्ली घाट उतरून एसटीने आलेले ३८० जीबी हेही डाउनलोडच, आणि कोकणात पावसाळ्यात बऱ्याचदा तेच जास्त भरवशाचं. टॉवेलात गुंडाळायला सांगा, आणि तो माणूस चिपळूणला उतरेपर्यंत पुण्यातली प्रत पुसायची नाही.

चौकोन आणि प्रश्नचिन्हं बघून घाबरला असाल, ते साहजिक आहे. फोटोला काही झालेलं नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी ओली झालीय. झिपमध्ये फाइलचं नाव कुठल्या लिपीसंकेतात लिहिलंय हे झिप सोडणाऱ्या सॉफ्टवेअरला कळलं नाही की असं होतं. तीच झिप सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने सोडून बघा. तरीही तसंच आलं तर तो फोल्डर झिप न करता, डाउनलोडरमधून सुटा उतरवा.

यात आपल्या मराठीची एक खास अडचण आहे, ती कुठल्याही इंग्रजी मदतपानावर सापडायची नाही. लिनक्स आणि अँड्रॉइडवर एका फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइट, म्हणजे साठवणीची तेवढी छोटी घरं, मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हं, आणि त्यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. नुसत्या 'श्री'चे बारा बाइट होतात. आता तुमच्यासारख्या स्टुडिओत फोल्डरचं नाव काय असतं? 'चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह, हळद, सीमांत पूजन व वरात संपूर्ण फायनल नवीन'. निमंत्रणपत्रिकाच असते ती! विंडोजला वेगळा त्रास: फोल्डरात फोल्डर मिळून पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेला की बरीच सॉफ्टवेअर तो उघडत नाहीत आणि झिप अर्धी सुटून थांबते. उपाय अगदी साधा आहे. नव्या डिस्कवर 'अ' नावाचा एकाक्षरी फोल्डर करा आणि सगळं त्यात सोडा, पत्ता तेवढाच आखूड होतो. यापुढे नावात आधी तारीख आणि दोन आडनावं, बस. 'चि. सौ. कां.' पत्रिकेवर राहू दे.

तारखांचंही तसंच. दिसते ती आजची तारीख फाइल उतरल्याची आहे. कॅमेऱ्याने फोटो काढला त्या क्षणाची तारीख फोटोच्या पोटात लिहिलेली असते. फोल्डरमध्ये रकाना बदलून 'डेट टेकन' लावा, सगळे आपापल्या जागी जाऊन बसतील. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या पोटातली ही माहिती गेलेली असते, पण अँड्रॉइडवर त्यांच्या नावातच वर्ष, महिना, दिवस ओळीने लिहिलेला असतो, नावानुसार लावले की झालं. आण्णांच्या स्कॅनवर मात्र स्कॅन केल्याची तारीख येणार. ते काम संगणकाचं नाही, सासूबाईंना शेजारी बसवून करायचं आहे. माझ्या जुन्या फोनचे फोटो असेच एका सेवेतून उतरवले तेव्हा अकरा वर्षं एका मंगळवारी घडल्यासारखी दिसत होती, आणि मी वेड्यासारखा हाताने तारखा टाकत बसलो होतो. दोनशे फोटो झाल्यावर कुणीतरी तो रकाना दाखवला.

डीटीपीच्या फाइलींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण तो धक्का वाट बघतोय म्हणून आत्ताच सांगतो. बरेच बॅकअप विंडोजचा स्वतःचा फोल्डर घेत नाहीत आणि फॉन्ट तिथेच राहतात. पत्रिका, हँडबिलं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केली असतील तर नव्या लॅपटॉपवर ती उघडल्यावर परकी, वेडीवाकडी अक्षरं दिसतील. फाइल खराब झाली असं समजून पुसू नका. तेच सॉफ्टवेअर, तेच फॉन्ट परत टाकले की मजकूर उभा राहतो. मूळ सीडी, लायसन्सचा कागद शोधून ठेवा.

राहिली केस. अकरा मेल म्हणजे बहुधा अकरा तिकिटं, म्हणजे अकरा वेगळ्या तक्रारींची नोंद, आणि दर नव्या तिकिटाला तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी. पहिल्या तिकिटाच्या नंबरवरच उत्तर द्या, एकाच मेलमध्ये तारखा, स्क्रीनशॉट आणि तो जुन्या आवृत्तीचा एक प्रश्न. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मेलमध्ये तेवढा उल्लेख केला तरी भाषा बदलते. नाहीच हलले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मोठ्या भरपाईची आशा मात्र मी दाखवणार नाही. करारात बहुतेक जण आपली जबाबदारी भरलेल्या वर्गणीपुरतीच ठेवतात, आणि ९२ टक्क्यांची गोष्ट तुमच्या बाजूने जाणार नाही. भांडायचं तर डिस्कचा फोल्डर न सांगता पुसला यावर भांडा, त्यात दम आहे. पण फाइली हातात आल्यावर.

सगळं जागेवर बसलं की महिन्यातून एखादा फोल्डर ढगातून उतरवून, उघडून बघत जा आणि डिस्कही जोडत जा. लक्षात राहावं म्हणून मी संकष्टी सुचवणार होतो. पण ती २९-३० दिवसांनी येते, तीस दिवसांच्या नियमाच्या अगदी काठावर. एकादशी धरा, महिन्यातून दोनदा येते.

तूर्त कपाटातली ती डिस्क लावून बघा. आवाज कसला येतो, तेवढं कळवा.